एक कागद कमी

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग खात्यातल्या बायकांच्या हातात एकेक पाकीट पडलं. खातं बंद होणार ही कुणकुण मलेशियातल्या सुंगाई पेतानीच्या त्या हातमोज्यांच्या कारखान्यात महिनाभर होतीच, पण लाइनप्रमुख लोगेश्वरीने ती फारशी मनाला लावून घेतली नव्हती. करारात आठ आठवड्यांची नोटीस होती. तिच्या नवऱ्याचं, मुरुगय्याचं, हृदयाचं ऑपरेशन आजपासून पाचव्या आठवड्यात होतं, आणि कारखान्याचं वैद्यकीय कार्ड नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. म्हणजे ऑपरेशन उरकून वर तीन आठवडे उरत होते. एवढ्या एका आधारावर बाई रात्री झोपत होती.

पाकिटात दोन आठवडे लिहिले होते.

ती तशीच जेवणाचा डबा उघडा टाकून गुणालनच्या खोलीत गेली. गुणालन म्हणजे कामगार अधिकारी. तिच्याच रबराच्या मळ्यातल्या वस्तीत लहानाचा मोठा झालेला, केसांना तेलाऐवजी काहीतरी चिकट चोपडणारा.

"गुणालन, हे चुकलंय रे. आमची नोटीस आठ आठवड्यांची आहे."

"होती, अक्का." त्याने फाइल तिच्याकडे फिरवली. "नवी नियमपुस्तिका मान्य केलीत ना सगळ्यांनी? कलम अकरा बघा. ही तुमचीच सही."

सही तिचीच होती. पाच आठवड्यांपूर्वी, थैपुसमच्या सणाच्या रजेच्या अर्जाखाली आणखी एक इंग्रजी कागद टाचलेला होता. बायकांना तमिळ येतं, मलय येतं, इंग्रजीत मात्र आपलं नाव सोडून काही नाही. लोगेश्वरीला थोडं वाचता येत होतं. पण तिच्याही डोक्यात मुरुगन देवाला वाहायचा दुधाचा घडा, नवस आणि मुरुगय्याची छाती. "रजा हवी ना? मग दोन्ही कागदांवर सह्या करा गं," म्हणत तिनेच कॅन्टीनमध्ये फिरून दहा मिनिटांत सह्या गोळा केल्या होत्या. नूडल्सच्या वाट्या बाजूला सारून बायकांनी त्या केल्या. अक्का सांगतेय म्हटल्यावर वाचायचं कुणी?

"मला कुठं ठाऊक होतं रे यात काय आहे ते!"

"वाचायला हवं होतं, अक्का," गुणालन म्हणाला. आता याला काय म्हणावं! कागद टाचणारा हाच, आणि वाचा म्हणून शिकवणाराही हाच.

तिने लाज सोडली. हात जोडले, त्याच्या आईची आठवण करून दिली, टेबलाची कड धरून रडली. सरकारी हॉस्पिटलने आठ महिन्यांनंतरची तारीख दिली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, तेवढं थांबलात तर ऑपरेशनची गरज उरणार नाही. "तो मरेल रे. माझ्या सहीनं मरेल."

गुणालनने उठून दार लावलं.

"पॅकिंगमध्ये बत्तीस बायका, माझ्याकडे कागद एकतीस. पाप्पाती मुलीच्या बाळंतपणाला ताइपिंगला गेलेली, तिची सही राहिली. हेड ऑफिसला मी कळवलंय, एक कागद कमी आहे. एकीला जुनीच आठ आठवड्यांची नोटीस चालेल म्हणाले. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही." टेबलावर पाप्पातीचं पाकीट न उघडता पडलं होतं. "तिचा आला, तर तुमचा मी काढून टाकतो. ती आज घरी आलीय. उद्या सकाळपर्यंत बघा."

"तिलाही मग दोनच आठवडे?"

"अक्का, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच ठरवा."

ती मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलली. पण पाप्पातीने सही करायचा कागद पिशवीत घालूनच बाहेर पडली.

संध्याकाळी पाप्पाती दारातच भेटली. "ये गं अक्का! आजी झाले मी! मुलगा झाला, रंग मात्र बापाचा, करपलेल्या तव्यासारखा." तिने केसरी शिऱ्याची बशी हातात दिली, आणि बसल्या बसल्या पहिली चौकशी मुरुगय्याची केली. जेवतात का? जिना चढवतो का? लोगेश्वरीने बशी न खाताच खाली ठेवली.

"तुझी एक सही राहिलीय," ती म्हणाली. "नियमपुस्तिकेची. बाकी सगळ्यांनी केलीय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

पाप्पातीने हात पुसले. "खातं बंद होतंय म्हणतात ना गं? मला आठ आठवडे तरी मिळतील. तोवर शोधेन कुठंतरी."

लोगेश्वरीने तोंड उघडलं. सांगून टाकावं, कागद फाडावा, असं तिला अगदी ओठांपर्यंत आलं. मग तिला मुरुगय्या दिसला, बाथरूमच्या दाराला टेकून दम घेणारा.

"इथं कर सही," ती म्हणाली.

पाप्पातीने जीभ दातांत धरून गोल तमिळ अक्षरांत नाव काढलं. "बरोबर आलं का बघ गं. हल्ली दिसत नाही नीट."

"बरोबर आलं."

गुणालनने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. लोगेश्वरीचा कागद तिच्या डोळ्यांदेखत यंत्रात गेला आणि शेवयांसारखा खाली पडला. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो कुठे पडला कुणास ठाऊक. मालाची मोजदाद करायला प्रमुख म्हणून मला ठेवलंय, असं तिने बायकांना सांगितलं. त्यांनी ते मानलं. पाप्पातीने आपलं पाकीट उघडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आमचं नशीबच फुटकं, दुसरं काय!" दोन आठवड्यांनी एकतीस जणी गेल्या. त्यांच्या चपला ठेवायच्या फळ्या रिकाम्या झाल्या.

पाचव्या आठवड्यात पिनांग बेटावरच्या खाजगी हॉस्पिटलात मुरुगय्याची छाती उघडली आणि नीट शिवली. कार्ड चाललं. लोगेश्वरीला रजा मिळाली होती एकच दिवस. नोटिशीत खाडा केला तर उरलेले दिवस कापणार, म्हणजे कार्डही बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यापाशी कोण बसणार, या विचाराने ती रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर तळमळली.

सकाळी पहिली बस आणि फेरीबोट पकडून पाप्पाती आली. काखेत कांजीचा थर्मास, हातात चटई.

"तू जा कामावर," ती म्हणाली. "मला आता कुठं जायचंय? शोधलं, पण या वयात कोण घेतंय. घरी बसायचं ते इथं बसते. रोज येईन, ते चालते होईपर्यंत."

तिथे भर वॉर्डात, नर्सच्या देखत, लोगेश्वरी हमसून हमसून रडायला लागली. पाप्पातीने तिला जवळ घेतलं, पदराने तिचं तोंड पुसलं.

"वेडी का तू? चांगलं झालंय गं ऑपरेशन. वाचलेत ते," ती म्हणाली. "जा आता, फेरी चुकेल तुझी."