ताई येणार असली की

दारातच थांबून ताईनं स्वतःच्या बाहीचा वास घेतला, मग केसांचा. घरून न्हाऊन, धुतलेले कपडे घालून आली होती, तरी तिची खात्री पटेना. आतल्या खोलीतून वडिलांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, तशी ती चपलांपाशीच बसली.

"वहिनी, ही फळं घे. मी आत येत नाही."

ताईचा लाकडाला पॉलिश करायचा छोटा कारखाना होता. स्पिरिट आणि लाखेचा वास आपल्या अंगात मुरलाय, त्यानंच बाबांना धाप लागते, असं तिनं धरून ठेवलं होतं. एरवी बाबा बरे असत. ती आली की त्यांची छाती सूं सूं वाजायला लागे, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. यापुढे फोनवरच बोलायचं, हे सांगायला ती आज आली होती.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून तिचा भाऊ बाजारात निघून गेला. वहिनीला मात्र तसं म्हणता येईना. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. एकदा झालं तर योगायोग. पण दर वेळी कावळा बसतो आणि दर वेळी फांदी तुटते, तेव्हा झाडाजवळ जाऊन बघायला हवं. इथे सहसंबंध होता, नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. पण सहसंबंध एवढंच सांगतो की दोन गोष्टी जोडीनं चालतात. त्यांतली कोण कोणाला ओढते, की तिसरीच कुणी दोघींच्या मधे आहे, हे तो सांगत नाही. हे ती दरवर्षी फळ्यावर शिकवी. घरात कसं शोधायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ताईला जरा थांबायला सांगून ती आत गेली.

बाबा स्टुलावर उभे राहून कपाटाच्या माथ्यावर कोरडं फडकं मारत होते. खिडकीतून आलेल्या उन्हात धुळीचा लोट उठला होता. तिला बघताच त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं.

ताईचा येते म्हणून फोन आला की, आपण कॉलेजात असताना हे चालत असणार. आज सुट्टी होती म्हणून दिसलं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"हळू बोल. आली ना ती? आल्या आल्या कपाटावरून बोट फिरवते. तोंडानं काही म्हणत नाही बिचारी, पण धूळ बघते. आई गेली आणि घराचा उकिरडा झाला, असं वाटायला नको तिला."

टोमणा कुणाच्या घरकामाला लागत होता, ते सुनेला कळलं. तो तिनं तूर्त बाजूला ठेवला. बाबांना हात धरून खाली उतरवलं आणि बाहेर येऊन ताईला विचारलं, की तुम्ही त्या कपाटावरून बोट का फिरवता?

ताई चक्क लाजली.

"ते मी केलेलं पहिलं पॉलिश. कडेला एके ठिकाणी पॉलिशचे दोन हात नीट मिसळलेच नाहीत. अजून बोटाला लागतं. जाता येता राहवत नाही मला."

"आणि धूळ?"

"कसली धूळ?"

बाबा फडकं घेऊन दारात येऊन उभे होते. त्यांचे हात कोपरापर्यंत मळले होते. ताईनं त्या हातांकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग उठली, आत आली, फडकं काढून घेतलं आणि त्यांना खिडकीशी बसवलं.

वहिनी दाराला टेकून उभी राहिली. सिद्ध तर काहीच झालं नव्हतं. वास की धूळ, हे ठरवायला एकदा झाडलोट न होता ताई यायला हवी होती. हे कुणाला आणि कसं सांगावं, याचा ती विचार करत होती.

बाबांचा श्वास हळूहळू खाली बसला.

"आता परत कधी येशील?" त्यांनी लेकीला विचारलं.

"ते सांगणार नाही," ताई म्हणाली.