चारची चूरी

मेजर मुरलीधर सावंतांनी पोपट डाव्या मुठीत उताणा धरला आणि त्याच्या पोटावर हलकेच फुंकर घातली. पिसं बाजूला झाली. कातडीखाली पिवळी चरबी दिसली, गेल्या महिन्यापेक्षा बोटभर वर सरकलेली. पोपट त्यांच्या अंगठ्याला चावला, पण त्या चावण्यात दम नव्हता.

“चूरी?” त्यांनी विचारलं.

“थोड़ी जिही, डाक्टर साब,” हरबंस कौर म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

थोडीशी! सावंतांनी पोपटाला पिंजऱ्यात सोडलं आणि हात धुवायला गेले. सव्वीस वर्षं त्यांनी लष्कराची खेचरं सांभाळली होती. खेचर लाथ मारतं, पण ‘थोडीशी’ म्हणत नाही. निवृत्तीनंतर चंदीगडातच राहून सेक्टर बावीसच्या बाजारामागे त्यांनी जनावरांचा दवाखाना टाकला, आणि नशिबी आले पोपट. पंजाबात रोज बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या, नाक्यानाक्यावर वाळूची पोती होती, आणि लोक पिंजरे घेऊन विचारायला येत होते की मिठ्ठू पिसं का गाळतो. सुरुवातीला त्यांना याची गंमत वाटायची. त्या दिवसांत उत्तर देता येईल असे प्रश्न उरले होते तरी किती? आता मात्र त्यांना नुसता कंटाळा आला होता.

प्रश्नही तेच ते. काय घालावं, अंघोळ कधी घालावी, नखं कोण कापणार. शेवटी युनिव्हर्सिटीत एम.ए. करणाऱ्या मंजिरीने, त्यांच्या मुलीने, सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं वळणदार हिंदीत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगली होती. लोक पुठ्ठ्याखालीच बसत आणि तेच विचारत. पालथ्या घड्यावर पाणी.

“दोन महिने झाले, तिसऱ्यांदा आलात,” सावंत हिंदीत म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं. “वो पढ़ा नहीं आपने?”

“मैनूं गुरमुखी औंदी ए जी. हिंदी नहीं.”

सावंत ओशाळले. दोन महिने ते या बाईला बोट दाखवत होते. त्यांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मास्तरासारखं उभं राहून सगळा पुठ्ठा मोठ्याने वाचला. पेरू द्या, मटार द्या, भिजवलेले हरभरे, हिरवी मिरची. सूर्यफुलाच्या बिया चार-पाच, जास्त नकोत. तूप, साखर, चूरी अजिबात नाही. काळीज सुजतं आणि पक्षी मरतो. प्रत्येक ओळीला ती मान हलवत होती.

“समझ गई जी,” ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, “ते चूरी दा की करां?”

चूरीचं काय करायचं, हा प्रश्न पुठ्ठ्यावर नव्हता.

“बनाइए ही मत.”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली, आणि मग हळूहळू सांगू लागली. मुलगा, जसपाल, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. चारला पाळी सुटायची. तो शाळेत होता तेव्हापासून चारला तिची चूरी तयार असायची: गरम रोटी कुस्करून तूप आणि शक्कर, म्हणजे आपला मलिदाच. चौदा महिन्यांपूर्वी वर्कशॉपच्या फाटकावर जीप आली आणि त्याला घेऊन गेली. जीपला नंबर नव्हता, कोण होते ते कुणीच सांगत नव्हतं. चूरी अजूनही चारला होते. अंधार पडेपर्यंत ती ताटली झाकून ठेवते. मग अन्न टाकवत नाही, म्हणून मिठ्ठूला देते.

“आला नाही” असं ती एकदाही म्हणाली नाही. “देर हो जांदी ए,” म्हणत होती. उशीर होतो.

तीन वर्षांपूर्वी सावंतांची बायको नीला गेली, तेव्हा दहाव्याला सुखना तळ्याकाठी ते भाताचा पिंड ठेवून दीड तास उभे होते. कावळा शिवत नव्हता. ‘पोरीला शिकवीन’ असं त्यांनी मोठ्याने कबूल केलं, तेव्हा कुठे एक कावळा उतरला. या बाईला धीर द्यावा, आपण तिचे आहोत असं तिला वाटावं, एवढ्याच हेतूने ते बोलून गेले.

“हमारे में भी ऐसा ही है, बहनजी. आदमी चला जाए, तो उसकी पसंद का खाना पंछी को देते हैं. कौवे को.”

बाई उठली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. तिने पिंजरा उचलला.

“मेरा पुत्त मरया नहीं, डाक्टर साब. ओहनूं लै गए ने.”

पोपटासाठी काढून ठेवलेली औषधाची बाटली टेबलावरच राहिली.

रात्री जेवताना सावंतांनी हे मंजिरीला सांगितलं. तिने घास खाली ठेवला.

“बाबा, तुम्ही तिच्या जिवंत मुलाचा पिंड पाडलात.”

“जीभ घसरली गं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.”

मंजिरीने घास पुन्हा उचलला. थोड्या वेळाने त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं तशी म्हणाली, “आणि तो गूळ ठेवा परत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सहा वर्षं शुगर आहे तुम्हाला. स्वतःचा पुठ्ठा वाचा कधी.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सावंतांनी दवाखाना बंद केला. बाटली खिशात, दोन पेरू डिकीत. नाक्यावर जवानाने स्कूटर थांबवून पेरू दाबून पाहिले आणि सोडलं. वहीतल्या पत्त्यावर, इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला, कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती. शेवटच्या दारात पिंजरा टांगलेला होता.

हरबंस कौर उंबऱ्याशी बसली होती. मागे खाटेवर वाटीने झाकलेली ताटली.

“दवाई,” सावंत म्हणाले. “और कल मुझसे बहुत ग़लत बात निकल गई.”

तिने बाटली घेतली. ‘बसा’ म्हणाली नाही, ‘जा’ही म्हणाली नाही. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

चारचा भोंगा झाला. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी सायकली दिसू लागल्या. डबे खडखडत होते, कुणी हसत होतं, कुणी मान खाली घालून चाललं होतं. ती प्रत्येक चेहरा पाहत होती. सावंतही पाहू लागले. कसा दिसतो हे ठाऊक नसलेल्या पोराला ते शोधत होते. एक पगडीवाला उंच मुलगा वळला, तसे तेच भिंत सोडून पुढे झाले. तो पुढच्या दारात शिरला. मग गल्ली रिकामी झाली. ही बाई हे रोज पाहते, आणि आपण तिला कावळ्याची गोष्ट सांगितली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते तिथेच थांबले. डिसेंबरातलं ऊन भिंतीवरून उतरलं, थंडी झोंबू लागली. दिसेनासं झालं तेव्हा हरबंस कौर उठली आणि ताटली घेऊन पिंजऱ्याकडे वळली. पोपट दांडीवरून सरकत गजांपाशी आला.

“इसको नहीं,” सावंत म्हणाले. “मुझे दीजिए.”

“तुहानूं?”

“भूख लगी है, बहनजी. सुबह का खाया हुआ है.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते मान खाली घालून खाटेवर बसले. तिने ताटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाचही बोटांनी घास घेतला. तूप सढळ होतं, शक्कर दाताखाली करकरत होती. फलटणला आई करायची तसाच मलिदा. मंजिरीला कळलं तर ती महिनाभर बोलणार नव्हती.

पोपट ओरडू लागला. हरबंस कौरने पेरूची फोड गजांत अडकवली. त्याने ती ओढून खाली टाकली. तिने दुसरी अडकवली. तीही त्याने टाकली. तिसरी मात्र पायात धरली आणि रागारागाने कुरतडू लागला.

“कल वी आओगे?” तिने पाठ न वळवता विचारलं.

“आऊँगा.”

“फेर दो जणेआं दी बणावांगी. तुहाडी अलग. ओहदी ढकी रहेगी.” तिने पिंजऱ्याचं दार लावलं, कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मग म्हणाली, “नहीं आया, तां मैं खा लवांगी.”

सावंतांनी ताटलीतला शेवटचा कण बोटाने टिपला आणि मान डोलावली.