ऑर्व्हल उभा राहिला ते वर्ष

टर्की क्रीकच्या अग्निशमन मंडळाची निवडणूक कित्येक वर्षांत झालीच नव्हती. जागा जितक्या, अर्जही तितकेच; मग मतदान कसलं डोंबलाचं! गेलॉर्ड पॅकवुड आणि त्याचे दोस्त न लढताच निवडून यायचे, शपथ घ्यायचे, केक खाऊन घरी जायचे.

"अरे, तू उभा राहा की," लव्हॉन नवऱ्याच्या मागे लागायची. "आपल्याकडचं बंबाचं ठाणं बंद करायला निघालेत ते."

"गेलॉर्ड बघतोय ना," म्हणून ऑर्व्हल टिड्रिक गुरांकडे वळायचा.

गेलॉर्डने बघितलं! खर्च वाचवायला वरच्या खोऱ्यातलं, ऑर्व्हलच्या घराजवळचं ते ठाणं बंद करून टाकलं मेल्याने. ऑगस्टात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, वाळलं गवत पेटलं, तेव्हा ऑर्व्हल बाजारात होता. खालच्या गावातून बंब पोचेतो घराची नुसती चिमणी उरली होती. लव्हॉन कुत्र्याला आणायला आत शिरली होती.

ऑर्व्हल मुलीकडे राहायला गेला. महिनोन्महिने कुणाशी धड बोलला नाही. डिसेंबरात मात्र दाढी करून तो अर्ज द्यायला निघाला. ते ठाणं पुन्हा उघडायचं, एवढंच त्याला हवं होतं.

अर्ज घेणारी जोलीन त्याच्या मुलीची मैत्रीण. "काका, सध्या राहता कुठे?"

"मुलीकडे. नदीपलीकडे."

"मतदार म्हणून नावही तिकडेच?"

"पोरीने सगळंच बदलून घेतलं. का गं?"

जोलीनने पेन खाली ठेवलं. "मंडळाची हद्द नदीपर्यंतच आहे, काका. हद्दीत राहणाऱ्यालाच उभं राहता येतं."

"अगं, घर जळलं म्हणून गेलो ना! बंब आला नाही म्हणून जळलं!"

"माहितीये हो." तिचे डोळे भरले. "पण मी काय करू?"

"लव्हॉन आहे हद्दीत. टेकडीवर पुरलंय तिला. तिचं नाव चालतंय का बघ."

जोलीनने कोरा अर्ज परत खणात ठेवला.

एप्रिलात पुन्हा मतदानाशिवायच शपथविधी झाला. ऑर्व्हल मागच्या खुर्चीत बसून होता. गेलॉर्डची बायको बर्निस केकची बशी घेऊन त्याच्याकडे आली. बाई मनाची वाईट नव्हती.

"ऑर्व्हल, एवढं मनात होतं, तर इतकी वर्षं उभा का नाही राहिलास रे?"

लव्हॉनला तो सांगायचा, गेलॉर्ड बघतोय ना. बर्निसला काय सांगणार? त्याने बशी घेतली आणि खाली मान घालून रडू लागला.