पन्नास पावलांवरची पपई

रानात शिकार करून जगणाऱ्या आमच्या आचे लोकांत मारणारा स्वतःची शिकार खात नाही. माझ्या नवऱ्यावर, चेवूगीवर, ती वेळच यायची नाही. तो कसाव्याच्या कंदांच्या मोकळ्या वावरात पन्नास पावलांवर पपई ठेवायचा, बाणानं फोडायचा आणि वस्तीकडं वळून बघायचा.

बाबा म्हणाले, "जावईबापू, रानात दहा पावलांपुढं दिसतं काय? माकड तर डोक्यावर असतं. झाडाखाली उभं राहून वर मारायला शिका."

"तुम्हाला लांबचं दिसत नाही, म्हणून जवळचं शिकवताय होय?" चेवूगी हसला.

पुढच्या शिकारीला मीही गेले. मी पाळलेलं कोआटीचं, लांब नाकाच्या रानप्राण्याचं, पिल्लू पायाशी खेळत होतं. माकड नेमकं डोक्यावर आलं. चेवूगीनं मान उलटी करून बाण सोडला. तो फांद्यांत अडखळून सरळ खाली आला आणि पिल्लाच्या पाठीत घुसला.

मी रडले नाही. पिल्लू भाजलं आणि सगळ्यांना वाढलं. दिवसभराच्या उपाशी चेवूगीनं हात पुढं केला.

"तुला चालत नाही," मी म्हणाले. "लग्नानंतरची तुझी पहिली शिकार आहे."