तिसऱ्या कमानीचा सांधा

मुक्ताबाईंनी उभ्या आयुष्यात कधी सहलीचा हट्ट धरला नव्हता. त्यामुळे अशोक विजयादशमीनंतरच्या रविवारी त्या सकाळी सातलाच इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून गारखेड्याच्या घराच्या दारात बसल्या, तेव्हा संघपालला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलं.

"मकबरा, पाणचक्की, जुने पूल. समदं दाखव," त्या म्हणाल्या.

सून रत्नमाला हरखली. तिला फोटोंचं भारी वेड. मुक्ताबाईंचा जीव मात्र एकाच ठिकाणी अडकला होता. खाम नदीवरच्या जुन्या दगडी पुलाच्या तिसऱ्या कमानीला पस्तीस वर्षांपूर्वी बैलगाडी शिरेल एवढं भगदाड पडलं होतं. ते बुजवलं त्यांच्या मालकांनी, कडुबा गवंड्यानं, आणि चुना मळून दिला त्यांनी स्वतः. कडुबा जाऊन सहा वर्षं झाली. यंदा पावसानं कहर केला, खामला पूर आला आणि मुक्ताबाईंची झोप उडाली. आपल्या दोघांचं काम टिकलं असेल का? घरात बोलायची मात्र चोरी. ढासळलं असलं तर सुनेसमोर शोभा नको.

मकबऱ्यापाशी त्यांनी भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवला आणि "काय हात असतील बाई एकेकाचे!" म्हणून तिथंच उभ्या राहिल्या. पाणचक्कीला धो धो पडणारं पाणी जमिनीखालून दोन कोसांवरून येतं हे कळल्यावर तर त्यांनी चक्क हात जोडले. रत्नमालेनं फोटो काढला तर रागावल्या.

पुलापाशी मात्र त्या तरातरा पूर ओसरलेल्या पात्रात उतरल्या. संघपाल मागून धावला.

तिसरी कमान उभी होती, अख्खी. पण आपली जागा काही सापडेना. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. सगळे दगड सारखेच काळे, सारखेच जुने. मुक्ताबाई मटकन खाली बसल्या.

"आमचं काम काढून टाकलं वाटतं कुणी," म्हणाल्या, आणि मग सगळं सांगून टाकलं.

संघपाल वाळूजच्या कारखान्यात तपासनीस. वेल्डिंगचा कच्चा जोड पकडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. त्यानं बाह्या सारल्या, मोबाइलची बॅटरी लावली आणि कमानीचा दगड न् दगड तपासला. अर्धा तास गेला. ऑक्टोबरच्या उन्हानं सदरा भिजला.

"आई, काढलं नाय कुणी. नवं काम असतं तर मला दिसलं असतं. जोडच सापडत नाय! असं केलं काय तुम्ही?"

"करायचं काय? बैलाच्या घाण्यात चुना सात दिस मळला. गूळ घातला, हिरड्याचं पाणी घातलं. तुझा बाप याच दगडाची भुकटी त्यात मिसळायचा, रंग जुळावा म्हणून. तू त्या दुसऱ्या कमानीखाली झोळीत होता. लई रडायचा."

संघपालनं कमानीच्या दगडावर तळवा टेकवला. मग म्हणाला, "अन् मी शाळेच्या फॉर्मवर लिहायचो, आईवडील मोलमजुरी करतात."

"मजुरीच व्हती की."

"नाय आई," तो म्हणाला. रत्नमालेनं मोबाइल पिशवीत टाकला आणि सासूच्या शेजारी बसली.

तेवढ्यात वर पुलावर पाहुण्यांचा घोळका आला. त्यांचा गाइड खड्या आवाजात सांगत होता, "बघा, इतक्या शतकांत या पुलाच्या एकाही दगडाला कुणाचा हात लागलेला नाही. जसा बांधला, तसाच उभा!"

संघपाल तडक वर निघाला. मुक्ताबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"कुठं निघाला?"

"सांगतो त्याला. लागलाय म्हणावं हात. माझ्या आईबापाचा."

"गप बस." मुक्ताबाईंचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता. मान वर करून त्या पुलाकडे कान लावून बसल्या. "काय बोलू नको. आणखी एकदा म्हणू दे त्याला."