डावीकडचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. पण थांबा, लगेच आदरानं बघू नका, मी तो नव्हे. गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो तो माझा थोरला भाऊ. मी दुसरा, शेजारच्या डाव्या सीटपुढचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्या सरांसाठी एक जादा ब्रेक बसवतात ना, तोच मी.

तुमच्या घरच्या गाडीत मी नसतो. तरी डावीकडं बसलेली माणसं समोरून ट्रक आला की पाय दाबतात. खाली नुसती मॅट असते, पण दाबतात मात्र जीव खाऊन! सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांतून मी ही गंमत कितीदा तरी बघितली आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका गॅरेजात झाला. अर्जुना मिस्त्रींनी भंगारातली पट्टी कापली, वाकवली, वर रबर चढवलं आणि एका तारेनं मला थोरल्याला जोडून दिलं. मला दाबलं की तो दाबला जातो. माझं स्वतःचं कर्तृत्व एवढंच. "सर, अगदीच अंगावर आलं तरच दाबा बरं का," मिस्त्रींनी बजावलं आणि चाचणीसाठी स्वतः चालवायला बसले. सर डावीकडं. गॅरेजच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत सरांनी मला दोनदा दाबलं होतं.

हे सर म्हणजे महेंद्र वायदंडे. वीस वर्षं सैन्यात ट्रक चालवून वडूजला परतले आणि त्यांनी 'शांती ड्रायव्हिंग स्कूल' काढलं. नाव शांती, पण शिकणाऱ्याला ती कधी मिळाली नाही. "क्लच! क्लच! आरं, म्हशीकडं काय बघतोस?" असं चालायचं. पुढच्या काचेवर 'येशू माझा सोबती' असं स्टिकर. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी सर डोळे मिटून प्रार्थना करायचे, आमेन म्हणायचे आणि आमेनबरोबर उजवा पाय माझ्यावर ठेवायचे. तो संध्याकाळीच उठायचा. मला त्याचा फार अभिमान होता. सोबती काचेवर असेल, पण खरी मदार आपल्यावर, असं मी समजायचो.

आमच्या सरांच्या शिकवणीचा नमुना सांगतो. त्यांची एकुलती मुलगी प्रियंका अठरा वर्षांची झाली तशी गाडी शिकू लागली. वळण आलं की सर मला दाबणार, कुत्रं दिसलं की दाबणार, काही दिसलं नाही तर सवय म्हणून दाबणार. महिन्याभरात पोरगी झकास चालवू लागली. मग साताऱ्याला परीक्षा झाली. डावीकडं आरटीओचे साहेब बसले होते, पाय आखडून. थांबायची रेघ आली, तरी प्रियंका चाललीच. रस्त्यात मांडलेले दोन प्लास्टिकचे कोन आडवे केले आणि कट्ट्याला टेकून थांबली. ब्रेक कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. तो आपण दाबायचा असतो, हे तिला कुणी कळूच दिलं नव्हतं.

त्यावर सरांची बायको सोनियाबाई जे हसल्या! "आता तुमी घरी थांबा, म्या बसते," म्हणाल्या. त्यांना स्वतःला सायकलही येत नव्हती. डाव्या सीटवर चपला काढून, पाय वर घेऊन, मस्त मांडी घालून बसल्या आणि भाजलेल्या शेंगा सोलत राहिल्या. प्रियंका म्हणाली, "आई, भीती न्हाई वाटत?" तर म्हणाल्या, "वाटती की. पर गाडी तुझ्या हातात हाय, अन् तू देवाच्या. शेंगा खा." आठ दिवसांत पोरगी तयार झाली आणि पास झाली. त्या आठ दिवसांत मला कुणी शिवलंसुद्धा नाही. मला तो अपमान वाटला होता.

पुढच्या वर्षी करोनात सोनियाबाई गेल्या. सरांनी ऑक्सिजनसाठी पन्नास फोन केले, चार गावं पालथी घातली. काही थांबवता आलं नाही. तेव्हापासून सरांचा पाय माझ्यावर आणखी जड झाला. घरातही तसंच म्हणे. प्रियंका पाच मिनिटं उशिरा आली की फोनवर फोन. सरांच्या आई तानुबाई मागच्या सीटवर बसून कुरकुरायच्या, "चर्चात उपासनेला बी ह्याचा पाय फरशीवर दाबतोय. पाळकांचं बोलनं लांबलं की ह्यो ब्रेक मारतोय!"

मग गेल्या साली मला एक शंका येऊ लागली. सर मला भलत्याच वेळी दाबायला लागले. मोकळ्या रस्त्यावर करकचून, आणि बाजूनं मोटरसायकल घुसली तर दाबतच नव्हते. मी कुणाला सांगणार? एका सकाळी मायणी रस्त्याला एक नवी विद्यार्थिनी चालवत होती, आणि सरांनी मला असं हाणलं की गाडी जागच्या जागी उभी. मागून नाथाजी दूधवाले येत होते. त्यांची मोटरसायकल आमच्यावर धडकली, दोन्ही किटल्या कलंडल्या आणि दुधाचा ओघळ रस्त्याच्या कडेला पोचला. नशीब, नाथाजींचं गुडघ्यावरच भागलं.

"सर, काय आडवं आलं वो?"

"मेंढरू."

नाथाजींनी पुढं बघितलं, मागं बघितलं. "कुठाय मेंढरू? ही तर खांबाची सावली हाय."

त्या दिवशी संध्याकाळी उभ्या गाडीत बसून सरांनी प्रियंकाला सगळं सांगून टाकलं. काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि उजव्याचीही कडेची नजर चालली होती. वर्षभर त्यांनी लपवलं होतं. प्रियंका रागावली, रडली आणि दुसऱ्या दिवसापासून क्लास तिनं हातात घेतला. सांगलीच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. "आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू. शब्द मात्र देत नाही," म्हणाले.

म्हणजे आता डोळा राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. आणि त्याला माझ्यासारखा ब्रेक कुठंच नव्हता.

आज सकाळी आम्ही निघालो. प्रियंका चालवायला, सर डावीकडं, तानुबाई मागं. निघताना सरांनी प्रार्थना केली. "प्रभू येशू, डॉक्टर वेळेत येऊ देत. भूल नीट लागू दे. आदी डोळा साफ करू दे, मग औषध घालू दे, हात हलू नये, लाईट जाऊ नये, गेली तर जनरेटर..."

"महेंद्रा," तानुबाई मागून म्हणाल्या, "देवाला बी गाडी शिकवतोस व्हय रं?"

प्रियंका फसकन हसली. सरांनी घाईनं आमेन म्हटलं आणि पाय माझ्यावर ठेवला. मायणीपर्यंत मला अकरा वेळा दाबलं. मायणीच्या पुढं एकदा असं दाबलं की मागचा टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला.

विट्याला चहासाठी थांबलो. सर गाडीतच बसून राहिले. प्रियंकानं कप हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्हाला रस्ता दिसत नाही. मला दिसतो. दिसत नसताना ब्रेक मारलात तर आपण तिघं मरू. माझ्यावर विश्वास नसेल तर सांगा, आपण एस.टी.नं जाऊ."

"तुज्यावर हाय गं," सर म्हणाले. मग काचेवरच्या स्टिकरकडं बोट केलं. "त्याच्यावर न्हाई बसत. तुझ्या आईच्या येळी किती मागितलं म्या. त्यानं ऐकलं न्हाई. आता पाय काडला अन् पुन्ना तसंच झालं तर?"

तानुबाईंनी चहा बशीत ओतला. "व्हईल बी तसं," त्या म्हणाल्या. "माझी सून गेली, मला काय कमी वाटलं? पर ती जाताना भ्याली न्हाई, ते म्या बघितलंय. आरं, बायबलात हाय न्हवं, वादळात नाव बुडाया लागली तवा येशू आत झोपला व्हता. शिष्य वरडत व्हते, पानी उपसत व्हते, अन् ह्यो उशी घेऊन झोपला व्हता. नाव त्याची हाय. तुजा डोळा ऱ्हायला तरी त्योच संगं, गेला तरी त्योच संगं. पाय काड बाबा, दमला असशील."

सर दमलेच होते. मला ठाऊक होतं. सहा वर्षं त्या पायाचं सगळं ओझं माझ्यावर होतं.

गाडी सुरू झाली. सरांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले. मग एक पाय वर घेतला, दुसरा घेतला आणि त्या अरुंद सीटवर कशीबशी मांडी घातली. अगदी सोनियाबाईंसारखी. प्रियंकानं एकदा तिकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं. "प्रभू येशू," सर हळूच म्हणाले, "डोळा तुजा. म्या बी तुजाच. आमेन." एवढीच प्रार्थना. जनरेटर नाही की काही नाही.

तासगावच्या अलीकडं द्राक्षबागेतून एक कुत्रं सुसाट आडवं आलं. सरांची मांडी दचकली, पण सुटली नाही. थोरल्या भावानं आपलं काम चोख केलं. तार ओढली गेली नाही, मी जागचा हललो नाही, आणि खरं सांगतो, मला अपमान वाटला नाही. थोड्या वेळानं वरून घर्र घर्र आवाज यायला लागला. मी घाबरलो, इंजिन बिघडलं की काय! इंजिन ठणठणीत होतं. आमचे सर घोरत होते.

सांगलीत शिरलो तेव्हा खिडकीतून हळदीचा वास आला. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली तरी प्रियंकानं दोन मिनिटं त्यांना उठवलं नाही. मग ते जागे झाले, "पोचलो?" म्हणाले, पिशवीतून दवाखान्यासाठी आणलेल्या स्लिपर काढल्या आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

मी इथं झाडाखाली उभ्या गाडीत आहे. बाहेर येतील तेव्हा त्यांना हे झाड दिसेल की नाही, मला ठाऊक नाही. आज त्यांनाही ठाऊक नव्हतं, तरी ते झोपले. तुम्ही डाव्या सीटवर बसून पाय दाबत असाल तर एकदा खाली बघा. तुमच्या पायाखाली तर मीसुद्धा नाही. मग कशाला दमता?

सर बूट इथंच विसरून गेलेत. माझ्यावरच पडलेत ते, दोन्ही, रिकामे. त्यांचं काहीच वजन लागत नाही.