एकाच ओळीत बसणारी पुडकी

लटारू चौथी पास होता, पण तोरा मास्तराचा. धानोऱ्याकडच्या त्याच्या गावात उन्हाळ्यात विडीच्या तेंदूपानांची पुडकी फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, वाळत घालत. तिथेच तो लेकीला, कांताला, गणित शिकवायचा. आठ पुडकी घेतली की चार-चारच्या दोन ओळी होतात. सात घेतली तर काही केल्या एकाच लांब ओळीत बसतात. असल्या हटवादी आकड्यांना मूळ संख्या म्हणतात, एवढं त्याला शाळेतलं आठवत होतं. मग एकटं पुडकं उचलून तो ठासून सांगे, हेही मोडत नाही, म्हणून पहिली मूळ संख्या एक.

पोरगी भलतीच हुशार निघाली. शंभरापर्यंतच्या हटवादी संख्या तिने फळीवरच हुडकल्या. एक्क्याण्णवने तिला दोन दिवस झुलवलं. शेवटी तेरा-तेराच्या सात ओळी जमल्या, तेव्हा ती भर उन्हात नाचली.

एक्क्याऐंशी साली चंद्रपूरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत तालुक्यातून एकच मुलगी घेणार होते. तोंडी परीक्षेला लटारू दारात उभा राहिला. गुरुजींनी विचारलं, सर्वांत लहान मूळ संख्या कोणती? कांताने एकवार दाराकडे पाहिलं आणि एक म्हणून सांगितलं.

गुरुजी हळहळले. मूळ संख्येला दोन विभाजक लागतात, एक आणि ती स्वतः. एकाला तो स्वतःच, दुसरा कुठून आणणार? म्हणून पहिली मूळ संख्या दोन, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

"कोनीच नाई गुरुजी. मीच तसं समजली."

लटारूला तेव्हा बोलता आलं असतं. पण चारचौघांत आपली मास्तरकी उघडी पडेल म्हणून तो भला माणूस मान खाली घालून उभा राहिला. एका गुणाने जागा दुसरीला गेली. सतराव्या वर्षी कांताचं लग्न झालं आणि तिचं गणित चुलीपाशी राहिलं. लटारूने पुन्हा कुणाला काही शिकवलं नाही.

एकोणनव्वदच्या हंगामात कांता माहेरी आली होती. दोघांनी फळीवर ओळी लावल्या आणि शेवटी एक पुडकं उरलं. ते लटारूने उचललं. आठ वर्षं गिळलेलं आज त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"कांता, चूक माही होती. मीच तुले उलटं शिकवलं. अन् तिथी गप राह्यलो."

कांता पुडकी सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पुस्तकात दोनच लिवलं होतं, बाबा. मले माहीत होतं."

"मंग एक काऊन सांगतलं?"

"तू दारात उभा होता."

एवढं बोलून ती पुढच्या ओळीकडे सरकली. लटारू पुडकं छातीशी धरून तापल्या मातीत खाली बसला आणि लेकीसमोर रडला.